तिसरी डिस्क कुठली?

लग्नसराईचे दिवस. ओळखीच्या एका फोटोग्राफरच्या स्टुडिओत चार डिस्कांचा एक अ‍ॅरे आहे, रेड ५ पद्धतीनं बांधलेला, म्हणजे चार डिस्क मिळून एकच मोठी डिस्क असल्यासारखा चालणारा आणि एक गेली तरी डेटा टिकवणारा. रात्री त्या यंत्रणेनं आपोआप ईमेल पाठवला की एक डिस्क गेली. तरीही फोटो उघडत होते, एडिटिंग चालू होतं, कुणाला काही जाणवलं नव्हतं. सकाळी मदतनीस पोरगा आला. पडद्यावर त्यानं गेलेल्या डिस्कचं ‘एसडीसी’ हे नाव वाचलं, ए-बी-सी म्हणजे तिसरी असा हिशेब केला आणि डावीकडून तिसरा ट्रे ओढला. काही सेकंदांत सगळे फोल्डर ठप्प. बिघडलेली डिस्क चौथ्या खणात होती. त्यानं उपसली ती धडधाकट.

त्या पोराला हसण्यात अर्थ नाही. डिस्क कधीतरी मरणारच हे या यंत्रणेनं गृहीत धरलेलं असतं, आणि त्या प्रसंगाला ती निमूटपणे तोंड देते. मी पाहिलेल्या प्रकरणांत डेटा गेला तो पहिली डिस्क मेल्यामुळे नाही. ती मेल्यानंतर कुणीतरी घाईनं काहीतरी केलं, त्यामुळे गेला. म्हणून डिस्क बदलायची कशी हे सांगताना स्क्रू कुठले फिरवायचे यापेक्षा हात कधी आवरायचे यावर मी जास्त शब्द खर्च करणार आहे.

आधी एक डिस्क गेल्यावरही फोटो दिसत कसे राहतात ते बघू. तुम्ही तिघं सहलीला गेलात आणि प्रत्येकानं आपापला खर्च एकेका चिठ्ठीवर लिहिला: ७, ५, ४. चौथ्या चिठ्ठीवर नुसती बेरीज, १६. आता यातली कुठलीही एक चिठ्ठी हरवू द्या. ५ची हरवली तर १६ मधून ७ आणि ४ वजा केले की ५ परत मिळतात. बेरजेची हरवली तर पुन्हा बेरीज करायची. दोन हरवल्या तर मात्र देवही सांगू शकणार नाही. डिस्कांवर हेच होतं, फक्त बेरजेऐवजी सम-विषम पाहिलं जातं. तीन डिस्कांवरच्या एकाच जागेच्या बिटांमध्ये, म्हणजे ० आणि १ या आकड्यांमध्ये, १ किती आहेत ते मोजायचं. ते विषम असतील तर चौथीवर १, सम असतील तर ०. याला पॅरिटी म्हणतात. रेड ५ मध्ये हे बेरजेचं काम एकाच डिस्कच्या गळ्यात पडत नाही, ते पाळीपाळीनं सगळ्यांकडे जातं. म्हणून ४ टीबीच्या चार डिस्क लावल्या तर वापरायला १२ टीबी मिळतात. उरलेले ४ टीबी चौघींवर विखुरलेल्या पॅरिटीत जातात.

एक डिस्क गेली की अ‍ॅरे लंगडत चालतो. हरवलेल्या डिस्कवरचा तुकडा कुणी मागितला की उरलेल्या तिघींकडून वाचून, हिशेब करून, जागच्या जागी उत्तर तयार केलं जातं. काम जरा हळू होतं, पण होतं. हा लंगडा अ‍ॅरे कितीही दिवस चालू शकतो आणि त्यातच धोका आहे, कारण चालतंय म्हणून लोक विसरून जातात. ईमेल येण्याची सोय केलेली नसेल तर कळतही नाही. दुसरी डिस्क जाते तेव्हा कळतं.

रेड ही कल्पना मांडणारा प्रसिद्ध निबंध १९८८ सालचा. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी तो लिहिला. मोठ्या मेनफ्रेम संगणकांच्या महागड्या डिस्कऐवजी पीसीच्या स्वस्त डिस्कांची रांग लावता येईल का, हा त्यांचा प्रश्न. आकडेमोड मात्र पोटात गोळा आणणारी होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर अशा १०० डिस्कांच्या रांगेत सरासरी दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एक जाणार. रांग जितकी मोठी तितकी कुणीतरी आजारी असण्याची शक्यता जास्त. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून जादा प्रत किंवा पॅरिटी हवीच, हे त्या निबंधाचं सार. रेड (आर-ए-आय-डी) या नावातला ‘आय’ तेव्हा ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, म्हणजे स्वस्त, होता. पुढे डिस्क विकणाऱ्यांनी तो ‘इंडिपेंडंट’ करून घेतला. का, ते त्यांच्या किमती पाहून कळतं.

आजच्या डिस्क पुष्कळ टिकाऊ आहेत. बॅकब्लेझ ही साठवणसेवा देणारी कंपनी २०१३ पासूनची आपल्या डिस्कांची आकडेवारी उघडपणे मांडते. तिच्याकडे अलीकडच्या काळात वर्षाला साधारण दीड टक्क्याच्या आसपास डिस्क जातात. तो दर धरला, तर चार डिस्कांच्या अ‍ॅरेत एका वर्षात एखादी जाण्याची शक्यता शंभरात सहा. पाच-सहा वर्षं यंत्र चालवलंत तर हा प्रसंग तुमच्यावर येऊ शकतो, असं समजूनच चाला.

आता तो ईमेल आला आहे. पहिलं काम काय? काहीही न करणं. चहा ठेवा. मग बघा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर अ‍ॅरे बहुधा एमडी नावाच्या यंत्रणेनं बांधलेला असतो आणि एमडीअ‍ॅडम या आज्ञेनं सांभाळला जातो. त्याची स्थिती ‘एमडीस्टॅट’ नावाच्या छोट्या फाइलीत दिसते. सगळं ठीक असेल तर तिथं ओळीनं चार यू असतात. एक डिस्क गेली की त्या जागी रेघ येते: यू यू यू रेघ. ही रेघ अ‍ॅरेतली जागा सांगते. ती कपाटातला खण सांगत नाही. आणि एसडीए, एसडीबी, एसडीसी ही नावं तर संगणक सुरू होताना डिस्क ज्या क्रमानं सापडतात त्यावरून वाटलेली असतात. आजची एसडीसी उद्या रीबूटनंतर एसडीबी असू शकते. त्या पोराची गल्लत इथं झाली.

डिस्कची खरी ओळख म्हणजे तिचा सिरियल नंबर. तो लेबलवर छापलेला असतो आणि डिस्क जिवंत असेल तर सॉफ्टवेअरलाही वाचता येतो. मेलेली डिस्क आपला नंबर सांगायला जागेवर नसते, पण युक्ती सोपी आहे: जिवंत असलेल्या तिघींचे नंबर कागदावर लिहून घ्यायचे. ट्रेवरच्या लेबलांशी ताडून पाहायचे. जिचा नंबर कागदावर नाही, ती गेलेली. लेबलं दिसत नसतील तर दुसरी युक्ती म्हणजे जिवंत डिस्कांवरून एकेक करून भरपूर वाचन चालवायचं आणि कुठला दिवा लुकलुकतो ते बघायचं. सर्व्हरच्या चांगल्या पेट्यांत ठराविक खणाचा दिवा मुद्दाम पेटवायची सोय असते. असेल तर तीच वापरा. दिव्यावर आणि कागदावर एकच उत्तर आलं, तरच हात पुढे करायचा.

डिस्क खरंच मेली आहे का, हेही इथंच तपासायचं. प्रत्येक डिस्क स्मार्ट नावाची आपली प्रकृतीची वही ठेवते. तिच्यातल्या ५ क्रमांकाच्या नोंदीत किती खराब जागा बाजूला काढून त्यांच्याऐवजी राखीव जागा वापराव्या लागल्या ते असतं. १९७ मध्ये वाचता न आलेल्या, निकाल बाकी असलेल्या जागा. हे आकडे वाढत असतील तर डिस्क जाणार. पण १९९ क्रमांकाचा आकडाच वाढत असेल आणि बाकी सगळं शून्य असेल, तर दोष बहुतेक वेळा वायरीचा किंवा खणाच्या जोडणीचा असतो. वायर बदला. नवी डिस्क तर घ्याल, पण ती त्याच सैल खणात बसवलीत तर महिनाभरात पुन्हा हेच पुराण ऐकायला याल.

आणखी एक चकवा आहे. घरगुती वापराची डिस्क एखादी जागा वाचता आली नाही तर हट्टानं पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. लिनक्स मूळ सेटिंगनुसार ३० सेकंद वाट पाहतं आणि मग ही डिस्क बोलत नाही असं समजून तिला हलवून जागं करू बघतं. यात चांगली डिस्कही अ‍ॅरेबाहेर फेकली जाऊ शकते. अ‍ॅरेसाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून ‘मला वाचता आलं नाही’ असं सांगतात. अ‍ॅरेत हेच शहाणपण, कारण उत्तर काढायला बाकीच्या तिघी आहेतच.

नवी डिस्क विकत घ्यायला निघण्याआधी बॅकअप. रेड असला की बॅकअप लागत नाही, या समजुतीनं जितकं नुकसान केलंय तितकं डिस्कांनीही केलं नसेल. तुमच्या हातून फोल्डर पुसला गेला तर रेड तो चारही डिस्कांवर इमानदारीनं पुसून टाकतो. अ‍ॅरे लंगडा असताना सगळं काही उतरवून घ्यायला वेळ नसेल, तर जे पुन्हा मिळणार नाही ते आधी घ्या. त्या स्टुडिओत हे म्हणजे मागच्या आठवड्यातली दोन लग्नं. सिनेमे, डाउनलोड केलेली सॉफ्टवेअरं वगैरे मागाहून.

डिस्क घेताना जुनीइतकी किंवा मोठी घ्यायची. एक सेक्टरही, म्हणजे डिस्कवरचा छोट्यात छोटा तुकडाही, कमी चालत नाही. मोठी घेतली तर वरची जागा पडून राहते, इतकंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती एसएमआर प्रकारची नसावी. या डिस्कांत डेटाच्या रेषा कौलारू छपरासारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं म्हटलं की वरची कौलं उचलावी लागतात, तसंच इथं थोडंसं लिहायला शेजारचं पुष्कळ पुन्हा लिहावं लागतं. एरवी हे लपून जातं, पण अ‍ॅरे पुन्हा बांधताना तासन्‌तास लेखन चालतं तेव्हा अशी डिस्क धापा टाकायला लागते. २०२० मध्ये डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटलनं आपल्या ‘रेड’ (इथं अर्थ लाल) नावाच्या, नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणपेट्यांसाठी, विकल्या जाणाऱ्या मालिकेतल्या काही डिस्क या प्रकारच्या असल्याचं मान्य केलं आणि ग्राहक चांगलेच भडकले. तेव्हा खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर तपासून घ्या. आणि जमलं तर जुन्या चौघी ज्या खेपेतल्या आहेत, त्याच खेपेतली डिस्क नको. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी बनलेल्या, एकाच पेटीत तापलेल्या डिस्क पाठोपाठ आजारी पडण्याची भीती असते.

आता प्रत्यक्ष अदलाबदल. पेटीत ट्रे बाहेर ओढायची सोय असेल आणि डिस्क हाताळणाऱ्या कंट्रोलरमध्ये ती चालू असेल, तर यंत्र बंद करावं लागत नाही. डिस्क संगणकाला जोडणाऱ्या साटा जोडणीत याचा विचार आधीच केलेला आहे. विजेच्या जोडणीतल्या काही पिना इतरांपेक्षा लांब असतात, त्यामुळे डिस्क आत सरकताना जमिनीची जोडणी आधी होते आणि मुख्य वीज मागाहून मिळते. साध्या पीसीत, आतल्या वायरींशी झटत, चालू यंत्रातून डिस्क काढण्याचं शौर्य मात्र नको. तिथं सरळ यंत्र बंद करा. त्यात कमीपणा नाही. फक्त एक लक्षात ठेवा: वर्षानुवर्षं न थांबता फिरलेली म्हातारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा उठेलच याची खात्री नसते. म्हणून बॅकअप आधी.

काढण्यापूर्वी अ‍ॅरेला रीतसर सांगायचं. एमडीअ‍ॅडमला आधी ही डिस्क ‘फेल’ समज म्हणायचं, मग ‘रिमूव्ह’. यंत्रणेनं स्वतःच तिला बाद केलं असेल तर पहिली पायरी झालेलीच असते. मग लिनक्सच्या गाभ्याला त्या डिस्कचा नाद सोडायला सांगायचं. त्यासाठी तिच्या नावाखालच्या ‘डिलीट’ फाइलीत १ लिहायचा असतो. या साऱ्याचा एक मोठा फायदा आहे: तुम्ही ‘फेल’ न म्हणता चुकून चांगल्या डिस्कचं नाव दिलंत, तर ‘रिमूव्ह’ला एमडी साफ नकार देतं, ती वापरात आहे म्हणून. हाताला असा नकार कुणी देत नाही.

ट्रेची खिट्टी उघडून डिस्क बोटभर बाहेर ओढा आणि थांबा. अर्धा मिनिट. आतल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या मारत असतात आणि वाचणारं डोकं त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. वीज तुटल्यावर त्या थांबायला वेळ लागतो. तुम्ही चुकीची डिस्क ओढली असेल तर ती फिरत असताना हिसका देऊन मारू नका, एवढ्यासाठी हा थांबा. नवी डिस्क हातात घेण्याआधी पेटीच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मग ती सरळ आत सरकवा, खिट्टी बंद.

नवी डिस्क दिसायला लागली की तिच्यावर जुन्यांसारखीच विभागणी (पार्टिशन) करायची. ही विभागणी दुसऱ्या डिस्कवरून उतरवून घेणारी आज्ञा आहे, आणि तिच्यात कुठून आणि कुठे या दोघांची अदलाबदल झाली तर कोरी विभागणी चांगल्या डिस्कवर चढते. सिरियल नंबरचा तो कागद इथं पुन्हा उघडा. मोठ्यानं वाचा. शेजारी कुणी असेल तर त्याला वाचायला लावा. मग एमडीअ‍ॅडमला ‘अ‍ॅड’ म्हणायचं, की पुनर्बांधणी, म्हणजे हिशेब करून नवी डिस्क भरण्याचं काम, आपोआप सुरू होते. हाच अ‍ॅरे यंत्र सुरू करायलाही वापरला जात असेल तर नव्या डिस्कवर बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्राम, चढवायला विसरू नका. नाहीतर कधीतरी पहिली डिस्क जाईल आणि सकाळी काळा पडदा दिसेल.

४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीनं भरायची म्हटली तर साडेसात तासांच्या आसपास. हे रिकाम्या घरातलं गणित. स्टुडिओत दिवसभर काम चालू असेल तर पुनर्बांधणी मान खाली घालून बाजूला होते. तिला मिळायलाच हवा असा किमान वेग लिनक्समध्ये मुळात सेकंदाला १,००० केबी इतकाच ठरवलेला आहे. खरोखर त्याच वेगानं चाललं तर ४ टीबीला ४६ दिवस! इतकी वेळ येत नाही, पण कामाच्या धबडग्यात साडेसात तासांचे दोन दिवस होतात. हा किमान आकडा वाढवता येतो. मी रात्री वाढवतो आणि सकाळी कमी करतो.

हे काही तास सर्वांत नाजूक, कारण नवी डिस्क भरायला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत वाचाव्या लागतात. ज्या कोपऱ्यात तीन वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं, तिथंही जावं लागतं. तिथं एखादी जागा वाचता आली नाही तर हिशेबाला एक चिठ्ठी कमी पडते. साध्या डिस्कांच्या कागदपत्रांत न वाचता येणाऱ्या चुकीची कमाल मर्यादा एक कोटी गुणिले एक कोटी बिटांमागे एक अशी दिलेली असते. म्हणजे १२.५ टीबी वाचनाला एक. आपल्याला तर १२ टीबी वाचायचे आहेत! या आकड्यावरून ‘रेड ५ मेला’ असं जाहीर करणारे पुष्कळ आहेत. मला ते अति वाटतं, कारण हा कारखान्यानं दिलेला सर्वांत वाईट आकडा आहे आणि डिस्क प्रत्यक्षात बऱ्याच बऱ्या वागतात. पण भीती पूर्ण खोटीही नाही. काही कंट्रोलर अशी एक जागा आली की अख्खी पुनर्बांधणी सोडून देतात. म्हणून मोठ्या डिस्कांसाठी लोक रेड ६ घेतात, ज्यात दोन वेगवेगळे हिशेब ठेवलेले असतात आणि दोन डिस्क गेल्या तरी निभावतं.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे महिन्याला एकदा सगळ्या डिस्क पूर्ण वाचून पॅरिटी जुळते का ते पाहणं. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात हे काम कित्येक वर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर आपोआप सुरू होत आलं आहे. त्या दिवशी यंत्र संथ होतं म्हणून वैतागून ते बंद करणारे महाभाग मी पाहिलेत. चौघी धडधाकट असताना खराब जागा सापडली तर ती तिथंच दुरुस्त होते. डिस्क गेल्यावर सापडली तर दुरुस्तीला माणूस उरत नाही.

डिस्क पूर्ण मेलेली नसेल, नुसती खोकत असेल, आणि पेटीत एक रिकामा खण असेल, तर आणखी चांगला रस्ता आहे. एमडीअ‍ॅडमला ‘रिप्लेस’ सांगायचं. ते आजारी डिस्क काढून न टाकता तिच्यावरूनच नवी भरून घेतं आणि तिला वाचता न आलेल्या जागांपुरतं बाकीच्यांना विचारतं. नवी पूर्ण भरली की मगच जुनीला निरोप. अ‍ॅरे एक क्षणही लंगडा होत नाही.

स्टुडिओतल्या त्या सकाळी पुढे काय झालं ते राहिलंच. पोरगा घाबरला आणि त्यानं सर्वांत योग्य गोष्ट केली: ट्रे होता तसा परत सरकवला आणि हात मागे घेऊन फोन केला. दोन डिस्क बाहेर गेल्यामुळे अ‍ॅरे बंद पडला होता, पण डेटा जागेवरच होता. प्रत्येक डिस्कच्या माथ्यावर अ‍ॅरे आपली नोंद ठेवतो, आणि तीत किती घडामोडी झाल्या त्याचा एक आकडा असतो. तिन्ही डिस्कांचे आकडे आधी फाइलीत उतरवून घेतले. ओढलेली डिस्क बाकी दोघींपेक्षा अगदी थोडी मागे होती. तिला जबरदस्तीनं जुळवून घ्यायची आज्ञा आहे, ‘असेंबल’ला ‘फोर्स’ जोडायचं. अ‍ॅरे उठला. फाइल सिस्टीमची, म्हणजे कुठली फाइल कुठं आहे या व्यवस्थेची, तपासणी केली, तिला किरकोळ काहीतरी सापडलं. तेव्हाच कॉपी होत असलेला एक फोल्डर अर्धवट राहिला होता, तो कॅमेऱ्याच्या कार्डावरून पुन्हा घेतला. त्या पोरानं इंटरनेटवर वाचून नव्यानं बांधणी करणारी ‘क्रिएट’ ही आज्ञा दिली असती, तर डिस्कांचा क्रम चुकून जुन्या नोंदींवर नव्या चढल्या असत्या, आणि मग मला काही करता आलं नसतं.

आता तिथं प्रत्येक ट्रेच्या दर्शनी बाजूला पांढऱ्या पट्टीवर सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मार्करनं लिहिलेले आहेत. अक्षर त्याच पोराचं. मेलेली डिस्क भंगारात देण्याआधी त्यानं तिच्यात ड्रिलनं भोक पाडलं, कारण एका डिस्कवरही लोकांच्या फोटोंचे सुटे तुकडे असतातच. त्याआधी ती उघडून आतली दोन लोहचुंबकं काढून घेतली होती. ती इतकी जबर आहेत की त्यांनी स्टुडिओच्या फ्रिजवर लग्नपत्रिकांचा गठ्ठाच्या गठ्ठा धरून ठेवलाय.